गुडघ्यांना झेपेल असा व्यायाम : सायकलबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात गुडघेदुखीवर लिहिताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती की धावणं झेपत नसेल तर सायकल काढा, आणि त्या एका ओळीवर फोंडा, डिचोली, म्हापसा, मडगाव सगळीकडून इतके प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. फिजिओथेरपीचं काम करते त्यामुळे दुखरे गुडघे रोज बघते, आणि त्यातली कितीतरी माणसं दुखतं म्हणून व्यायामच सोडून बसलेली असतात, ते बघून खरंच वाईट वाटतं, म्हणून यावर जरा सविस्तर बोलू. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : नमस्कार ताई. मी रिटायर्ड शिक्षक, वय ६१. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले दोन्ही गुडघ्यांची झीज सुरू झालीय, पण व्यायाम थांबवू नका. मी रोज सकाळी फर्मागुडीच्या बाजूला जॉगिंग करायचो, आता जॉगिंग केलं की संध्याकाळी गुडघे जड होतात. मुलगा म्हणतो स्विमिंग लावा, शेजारी म्हणतात सायकल घ्या. तिन्हीत गुडघ्याला सोपं काय?
– एक वाचक, फोंडा

सर, सरळ उत्तर देते. तुमचे गुडघे आत्ता जसे आहेत त्यात सायकल. पण का ते समजून घ्या, कारण ते एकदा कळलं की सायकल कशी चालवायची हेही आपोआप कळतं.

धावताना प्रत्येक पावलाला एक क्षण असा येतो की दोन्ही पाय हवेत असतात आणि मग सगळं वजन एका पायावर येऊन आदळतं. त्या वेळी जमिनीकडून उलटा येणारा जोर वजनाच्या साधारण दोन ते तीन पट असतो, म्हणजे ७० किलोच्या माणसाला प्रत्येक पावलाला १४० किलोच्या वर, आणि धावताना मिनिटाला दीडशेच्या वर पावलं पडतात. सायकलवर काय होतं की तुमचं बरंचसं वजन सीट घेते, थोडं हँडल घेतं, आणि पायांवर येतो तो फक्त पेडल दाबण्याचा जोर. आदळणं हा प्रकारच नाही, पाय गोल फिरतो आणि पेडल सुटत नाही. कृत्रिम गुडघा बसवलेल्या काही पेशंटच्या सांध्यातच सेन्सर ठेवून हे मोजलेलं आहे, त्यात साध्या चालण्यात गुडघ्यावर वजनाच्या साधारण अडीच पट भार आला आणि मध्यम जोराने पेडल मारताना एक ते सव्वा पट. म्हणजे धावणं सोडाच, चालण्यापेक्षाही कमी. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे गुडघे दुखणाऱ्या प्रत्येकाला आधी ‘चालत जा’ असंच सांगतात.

दुसरी गोष्ट, सांध्यातल्या कुर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो त्याला, स्वतःची रक्तवाहिनी नसते. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणातून, आणि ते आत-बाहेर व्हायला गुडघा दाबला जायला आणि सुटायला लागतो, स्पंज पाण्यात दाबून सोडतो तसं. म्हणून गुडघा दुखतो म्हणून दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाचा गुडघा अजून आखडतो. सायकलमध्ये हे दाबणं-सोडणं हलक्या भाराखाली आणि भरपूर वेळा होतं, शिवाय मांडीचा पुढचा स्नायू तयार होतो, आणि गुडघ्याला सांभाळणारा मुख्य स्नायू तोच.

पण सर, धावण्याने गुडघे खराब होतात असं मात्र कुणाला सांगू नका, ते खरं नाही. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघा किंवा खुब्याची झीज साधारण साडेतीन टक्के लोकांत दिसली आणि न धावणाऱ्यांत दहा टक्क्यांच्या आसपास, स्पर्धेत उतरणाऱ्यांत तेरा टक्क्यांच्या वर. म्हणजे माफक धावणं निरोगी गुडघ्याला मारक नाही. तुमचा प्रश्न वेगळा आहे, तुमचा गुडघा आधीच तक्रार करतोय आणि त्याच्यावर तोच मारा चालू आहे.

स्विमिंगमध्ये पाणी वजन उचलतं त्यामुळे सांध्यांना ते सगळ्यात हलकं, यात वाद नाही, जमत असेल तर जरूर करा. फक्त ब्रेस्टस्ट्रोक करू नका, त्यात बेडकासारखा पाय मारताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो, आणि खांदा दुखत असेल तर फ्रीस्टाइल पण जपून. खरी अडचण रोजच्या रोज पूलवर जाण्याची. कांपाल, पेडे, फातोर्डा इथे पूल आहेत, पण फोंड्याहून तिथे जाऊन यायला जो वेळ लागतो त्यात तुमचा व्यायाम दोनदा होईल. घराबाहेर उभी असलेली सायकल रोज काढली जाते, आणि जो व्यायाम रोज होतो तोच गुडघ्याला उपयोगी.

सुरुवात अशी करा की पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला नसेल तर पाच मिनिटं वाढवा, सुजला असेल तर तिथेच थांबा. फोंड्यात चढ टाळणं कठीण आहे हे मला माहीत आहे, तर चढ आला की उतरा आणि सायकल ढकलत न्या. आपले पाव विकणारे पोदेर बघा, आता बरेच स्कूटरवर आलेत पण अजून काही सायकलवर येतात, मागे पावांची भरलेली टोपली, एका हाताने हॉर्न, सपाटीवर एका लयीत पेडल चालू असतं आणि मोठा चढ आला की सीटवरून उतरून एक हात हँडलवर आणि एक हात टोपलीवर ठेवून चालायला लागतात. रोजचं काम असलेल्या माणसाला कुठे जोर लावायचा आणि कुठे नाही हे बरोबर कळतं. आणि वजन थोडं जास्त असेल तर हेही लक्षात ठेवा की एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, तेव्हा दोन-तीन किलोसुद्धा वाया जात नाहीत.

प्रश्न : ताई, सायकल गुडघ्यांना चांगली म्हणून मी गिअरची सायकल घेतली, पर्वरीहून ऑफिसला जाते, आणि आठवड्याभरात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीच्या मागे दुखायला लागलं. वय २९, आधी कधीच गुडघा दुखला नव्हता. मग हलका व्यायाम कसा काय हा?
– एक वाचक, पर्वरी

पुढून, वाटीच्या मागे दुखतं म्हटल्यावर मला नव्वद टक्के उत्तर मिळालं. सीट खाली आहे आणि गिअर जड आहे. सायकल मऊ व्यायाम आहे तो सायकल तुझ्या मापाची असेल तर, नाहीतर तोच गुडघा चुकीच्या कोनात तासाला चार-पाच हजार वेळा वाकतो आणि मग दुखणारच.

सीट खाली का असते तर आपल्याला थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकवायची सवय असते, आणि दुकानदारही तशीच लावून देतो कारण गिऱ्हाईकाला तीच बरी वाटते. पण सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा फार वाकतो आणि वाकलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटी मागच्या हाडावर दाबली जाते.

आज संध्याकाळीच हे कर. सायकल भिंतीला लावून उभी कर, भिंतीचा आधार घेऊन सीटवर सरळ बस, रोजची चप्पल किंवा शूज घालूनच. एक पेडल एकदम खाली ने आणि त्याच्यावर टाच ठेव. टाच ठेवल्यावर पाय गुडघ्यात बरोबर सरळ व्हायला हवा, ताणून नाही आणि वाकून पण नाही. गुडघा वाकलेला राहिला तर सीट वर घे, कंबर एका बाजूला झुकवायला लागली तर खाली. आता टाच काढून पावलाचा पुढचा रुंद भाग पेडलवर ठेव, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा असतो तो, आणि बघ, गुडघा आपसूक थोडासा वाकलेला राहतो, पंचवीस ते पस्तीस अंश. चालवताना पाऊल असंच ठेवायचं. सीटच्या दांड्यावर एक रेघ कोरलेली असते, ती रेघ बाहेर दिसेल इतका दांडा वर काढू नकोस, तुटू शकतो. एकदम दोन इंच वर घेऊ नकोस, अर्धा-अर्धा सेंटीमीटर वर घेत दोन-तीन दिवस चालवून बघ. सीट नीट लावली की थांबताना पायाचा फक्त पुढचा भाग टेकतो, सुरुवातीला भीती वाटेल, थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय लाव म्हणजे प्रश्न मिटतो. आणि उलट म्हणजे गुडघ्याच्या मागच्या बाजूला दुखायला लागलं तर समज सीट जास्त वर गेली.

आता गिअर. पर्वरीचे चढ मला माहीत आहेत, तिथे मोठ्या गिअरवर उभं राहून दाबत चढायचा मोह होतो कारण व्यायाम झाल्यासारखं वाटतं. नको. पुढची चकती लहान, मागची मोठी, म्हणजे पाय हलका आणि भरभर फिरेल. चढ यायच्या आधीच गिअर बदल, मध्येच जोरात असताना बदललास तर चेन पण खडखडते आणि गुडघ्याला पण झटका बसतो. लय मोजायची असेल तर एका पायाचे पंधरा सेकंदांत किती फेरे होतात ते मोज, अठरा ते वीस आले तर छान, बारा-तेरा येत असतील तर गिअर जड आहे. दोन आठवडे चढ टाळून असं चालवलंस तर बहुतेक दुखणं जाईल. नाही गेलं, किंवा गुडघा मध्येच अडकतो, सटकल्यासारखा होतो असं असेल तर मात्र एकदा प्रत्यक्ष दाखव.

प्रश्न : मी ४६ वर्षांची गृहिणी. लहानपणी घरी एकच सायकल, ती भावाची, मला कधी शिकूच दिली नाही. आता गुडघे आणि वजन दोन्हीसाठी सायकल चांगली म्हणतात, पण या वयात शिकताना लोक काय म्हणतील, आणि पडले तर? शिकणं शक्य आहे का खरंच?
– एक वाचक, डिचोली

शक्य आहे, आणि तुम्ही शिकावंच असं मला मनापासून वाटतं. तुमच्यासारख्या किती बायका असतील ज्यांना सायकल मिळाली नाही कारण ती भावाला मिळाली, हे वाचून मला कॉलम थोडा वेळ बाजूला ठेवावा लागला.

मागून कुणीतरी कॅरिअर धरून पळणार आणि मग न सांगता सोडून देणार, ती पद्धत विसरा, मोठ्या माणसाला ती फार भीतीची पडते. मोठ्यांसाठी सोपी पद्धत अशी. लहान चाकाची किंवा आडवा दांडा नसलेली सायकल घ्या, दुकानातून दोन्ही पेडल काढून घ्या, सीट एवढी खाली करा की दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. एवढ्यापुरतीच सीट खाली, वरच्या उत्तरातलं मग नंतर. आता बसा आणि नुसतं पायाने चालत पुढे जा. मग चालण्याची ढांग मोठी करा, मग दोन्ही पाय उचलून घरंगळू द्या, एक सेकंद, दोन सेकंद. बघायचं समोर लांब, चाकाकडे नाही. तोल हा पायात नसतो, घरंगळण्यात येतो, आणि पाय जमिनीपासून दोन इंचावर असल्यामुळे पडायची भीती राहत नाही. ब्रेकची सवय पण इथेच करा, दोन्ही ब्रेक एकाच वेळी, हळू दाबायचे, पुढचा एकटा जोरात कधीच नाही. सात-आठ सेकंद पाय वर ठेवून सरळ जाता आलं की पेडल परत बसवा. बहुतेक जणी थोड्याच दिवसांत इथवर येतात.

जागा म्हणाल तर गावातलं फुटबॉलचं मैदान सकाळी मोकळं असतं, हलकंसं उतरतं असेल तर अजून चांगलं. साडी नको, सलवार किंवा ट्रॅक पँट, ओढणी गाठ मारून, आणि उजवा पायचा घोट्याजवळ रबराने बांधा म्हणजे चेनमध्ये अडकत नाही. हेल्मेट पहिल्या दिवसापासून. एक मैत्रीण सोबत घ्या, दोघी शिकायला लागलात की लोक काय म्हणतील हा प्रश्न अर्धा तिथेच संपतो. कंबर किंवा मनगटाची हाडं ठिसूळ आहेत असं आधी कधी निघालं असेल तर मात्र घरातल्या स्टँडवरच्या सायकलवर करा, पडण्याचा धोका तुम्ही घेऊ नका.

प्रश्न : वय ५२, वजन ९४, दहा वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. सायकल किती आणि कधी चालवू? घाम किती यायला हवा?
– एक वाचक, म्हापसा

काका, घामावरून काही ठरवू नका, गोव्याच्या दमट हवेत नुसतं उभं राहिलं तरी घाम येतो. बोलण्यावरून ठरवा. चालवताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा जोर बरोबर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेत मोठ्या माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं असा मध्यम व्यायाम सांगितलाय, म्हणजे रोज अर्धा तास आणि दोन दिवस सुटी इतकं धरलं तरी तुम्ही त्यात बसता. वजन जास्त असलेल्यांना मी सायकल सगळ्यात आधी सांगते कारण ९४ किलो घेऊन धावायला लागलात तर महिन्याभरात टाच नाहीतर गुडघा धरेल आणि व्यायामच बंद पडेल.

शुगरसाठी जेवणानंतर तास-दीड तासाने हलकी सायकल फार उपयोगी, खाल्लेल्यातली साखर काम करणारे स्नायू उचलतात. पण तुमच्या गोळ्या कुठल्या आहेत ते डॉक्टरांना आधी विचारा, काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने व्यायामात शुगर एकदम खाली येऊ शकते. खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवाच, हात थरथरले, दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबून खायचं, घर जवळच आहे म्हणून पुढे जायचं नाही. पायाला शूज घाला, चप्पल नको, घरी आल्यावर तळवे बघा, शुगरमध्ये जखम झालेली कळत नाही. आणि छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब आला तर हा व्यायामाचा थकवा समजू नका, सरळ हॉस्पिटल. दहा वर्षांची शुगर आहे म्हणून सुरू करायच्या आधी एकदा हृदय तपासून घ्या, एवढं माझं ऐकाच.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो, पण अर्धा तास सायकल चालवली की बसायच्या जागी आणि पुढे मुंग्या येतात, बधिर होतं. हे धोकादायक आहे का?
– एक वाचक, वास्को

संकोच करू नका, हे फार जणांना होतं. तिथून जाणारी नस सीटवर दाबली जाते. सीटचं टोक वर उचललेलं असेल तर ते सपाट करा किंवा किंचित खाली करा, हँडल थोडं वर घ्या म्हणजे पुढे वाकणं कमी होईल, आणि दर पाच-दहा मिनिटांनी काही सेकंद पेडलवर उभे राहा. फार मऊ जेलची जाड सीट घेऊ नका, माणूस तिच्यात रुततो आणि दाब नको तिथेच वाढतो, बसायच्या दोन हाडांना आधार मिळेल इतकी रुंद आणि मध्ये खाच असलेली सीट बरी. हे करूनही बधिरपणा उतरल्यावर तासाभरात जात नसेल तर सायकल बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय, नडगीच्या हाडाला दुखतं म्हणून कोच म्हणाले तीन आठवडे सायकल कर. मित्र म्हणतात सायकल म्हणजे बसून केलेला व्यायाम, दम टिकणार नाही. आणि सायकलनेच सगळं होत असेल तर धावायचंच कशाला?
– एक वाचक, मडगाव

दम टिकेल. हृदय आणि फुप्फुसांना तू धावतोयस की पेडल मारतोयस हे कळत नाही, त्यांना फक्त किती ऑक्सिजन लागतोय ते कळतं. ताशी १६ ते १९ किलोमीटरने सायकल चालवताना शरीर बसल्यापेक्षा जवळपास सातपट ऊर्जा वापरतं आणि ताशी ८ किलोमीटरने धावताना आठपटीच्या आसपास, फरक तेवढाच. २०१९ पासून मिरामारला आयर्नमॅन ७०.३ होते ना, त्यात १.९ किलोमीटर पोहून ९० किलोमीटर सायकल आणि मग २१.१ किलोमीटर धावायचं असतं, त्यातल्या माणसांचा दम सायकलवरच घडलेला असतो. नडगीवर बोटाने दाबून एकाच ठिकाणी टोचल्यासारखं दुखतं का ते बघ, तसं असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, त्याचा एक्स-रे सुरुवातीला साफ येऊ शकतो, म्हणून ऑर्थोपेडिककडे जा आणि धावणं पूर्ण बंद ठेव.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सायकलच्या विरुद्ध जातं आणि ते मी सगळ्यांनाच सांगू इच्छिते. सायकल सांध्यांना मऊ आहे कारण ती हाडावर आदळत नाही, आणि नेमकं त्याच कारणाने हाड मजबूत करायला ती उपयोगाची नाही. हाडाला भार लागतो, तो मिळाला तरच ते घट्ट होतं. वर्षानुवर्षं नुसती सायकलच चालवणाऱ्या रेसिंगवाल्यांच्या कण्याची हाडं पातळ निघालेली आहेत, आणि पोहणाऱ्यांचंही थोडंफार तेच. म्हणून नडगी बरी झाली की धावणं हळूहळू परत सुरू कर, मित्रांचं ऐकून नाही तर हाडांसाठी. आणि ज्यांना धावता येत नाही, विशेषतः पाळी गेलेल्या बायका, त्यांनी सायकलसोबत आठवड्यातून दोन दिवस तरी खुर्चीतून उठ-बस, जिना चढणं, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन व्यायाम, असं काहीतरी ठेवायलाच हवं. सायकलवर खांदे, पाठ, हात फारसे काम करत नाहीत, तेही यात येतात.

प्रश्न : पावसाळ्यात काय करायचं? जून ते सप्टेंबर चार महिने सगळंच बंद पडतं.
– एक वाचक, वाळपई

समुद्रात पोहायचा विचार या महिन्यांत करूच नका, लाल बावटा उगाच लावत नाहीत. स्टँडवरची व्यायामाची सायकल जुनी मिळते, तीच चार महिने खिडकीजवळ ठेवा, सीटचं माप तिथेही वर सांगितलं तेच. बाहेर काढलीच तर रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं आणि कुंपणाकडेचं शेवाळ यांवर वळू नका, टायरमधली हवा थोडी कमी ठेवा, आणि रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाले की उशिरा लागतात म्हणून लवकर दाबायला सुरुवात करा. घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसून तेल, नाहीतर आपल्या हवेत दोन दिवसांत लाल होते.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, दोघं पन्नाशीचे, दोघांनाही चढ नको आणि ट्रॅफिकची भीती. पणजीच्या आसपास कुठे जावं? आणि माझा गुडघा फारच दुखेल त्या दिवशी काय, बॅटरीची सायकल घेतली तर व्यायाम होतो का?
– एक वाचक, सांताक्रूझ

रविवारी सकाळी उजाडता उजाडता निघा आणि पणजीहून रायबंदरचा जुना सेतू घ्या. १६३३-३४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात बांधलेला, तीन किलोमीटरच्या आसपास, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि मिठागरं, आणि पूर्ण सपाट. गुडघ्यासाठी याच्याइतका चांगला रस्ता पणजीजवळ मला दुसरा माहीत नाही, फक्त आठनंतर गाड्या वाढतात आणि रस्ता अरुंद आहे, तेव्हा एकामागे एक चालवा, शेजारी-शेजारी नाही. रायबंदरहून फेरीत सायकल चढवून चोडणला गेलात तर उतरल्याबरोबर सलीम अली पक्षी अभयारण्य, आणि दिवाडीला गेलात तर शेतांमधून जाणारे रस्ते बऱ्यापैकी सपाट आणि गाड्या कमी. दिवाडीत चर्चच्या टेकडीवर मात्र जाऊ नका, तो चढ गुडघ्याला नको, खालूनच फिरा. फेरीच्या रॅम्पवर ओहोटीला शेवाळ असतं, तिथे उतरूनच चाला. दक्षिणेला कधी गेलात तर माजोर्डा, कोलवा, बाणावली ही किनाऱ्याची पट्टी सपाट आहे, पण डिसेंबर-जानेवारीत भाड्याच्या स्कूटर फार असतात, तेव्हा नको.

बॅटरीच्या सायकलीने व्यायाम होतो, जर ती पेडल मारल्यावरच मदत करणारी असेल तर. चढावर मोटर मदत करते म्हणून गुडघ्यावरचा जास्तीचा दाब जातो आणि पाय तर फिरत राहतात, दम पण लागतो. नुसता हँडलचा कान पिळून पळणारी घेतलीत तर ती स्कूटरच. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग असेल तर तिला नंबर प्लेट आणि लायसन्स लागत नाही, दुकानात हे दोन आकडे नीट विचारून घ्या, आणि वजन पण विचारा, फेरीत चढवताना तुम्हालाच उचलायची आहे. गुडघा फारच दुखेल त्या दिवशी मात्र मोटर असो नसो, सायकल घरीच राहू द्या, बर्फाने शेका, आणि सुजलेला, गरम लागणारा किंवा लाल झालेला असेल तर डॉक्टरांकडे जा.